याचा कामाशी संबंध काय?



अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या, म्हणजे तिथे ज्याला फेडरल सरकार म्हणतात त्याच्या एका खात्यात मी वकिली केली. माझं क्षेत्र एकच होतं, सरकारी कर्मचाऱ्यांची नोकरी. कुणाला बडतर्फ करायचं, कुणाला निलंबित करायचं, भेदभावाच्या तक्रारीला काय उत्तर द्यायचं, अशा सगळ्या फायली माझ्या टेबलावरून जायच्या. आणि मी उभी राहायचे ती सरकारच्या बाजूने. सुट्टीत घरी आले की नातेवाईक विचारायचे, "म्हणजे तू लोकांच्या नोकऱ्या घालवतेस?" प्रश्न रास्त आहे, आणि आज मी त्याचंच उत्तर देणार आहे. कारण आज कायद्याची पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी काही जण उद्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात म्हणजे कॅटमध्ये किंवा उच्च न्यायालयात शासनाची बाजू मांडणार आहेत. हाच प्रश्न तेव्हा तुमच्या घरचेही विचारतील. उत्तरासाठी थोडं मागे जावं लागेल.

२ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात चार्ल्स गिटो नावाच्या माणसाने राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या. निवडणूक जिंकणाऱ्या पक्षाने टपाल कारकुनापासून परदेशातल्या वकिलातीपर्यंतच्या जागा आपल्या माणसांना वाटायच्या, अशी तेव्हा रीतच होती. पक्षासाठी आपण राबलो, तेव्हा पॅरिसच्या वाणिज्यदूताची जागा आपल्याला मिळायलाच हवी, असं गिटोच्या डोक्यात बसलं होतं. ती मिळाली नाही. गारफील्ड १९ सप्टेंबरला गेले आणि जानेवारी १८८३ मध्ये पेंडलटन कायदा झाला. ठरावीक जागा परीक्षा घेऊन गुणवत्तेवर भरायच्या, असं त्याने ठरवलं. सुरुवातीला जेमतेम दहा टक्के जागा त्याच्या कक्षेत होत्या.

पण परीक्षा देऊन आत आलेल्या माणसाला उद्या साहेबाची मर्जी फिरली म्हणून बाहेर काढता येत असेल, तर त्या परीक्षेचा उपयोग काय? याचं उत्तर १९१२ च्या लॉइड-ला फॉलेट कायद्याने दिलं. सेवेची कार्यक्षमता वाढेल अशाच कारणासाठी कर्मचाऱ्याला काढता येईल, असं त्या कायद्यात लिहिलं आहे. ही कसोटी आजही कायम आहे, आणि माझी सगळी वकिली तिच्याभोवती फिरली. समोर कुठलीही फाइल आली की पहिला प्रश्न हाच असायचा: या माणसाने जे केलं म्हणता, त्याचा कामाशी संबंध काय?

१९७८ च्या नागरी सेवा सुधारणा कायद्याने पुढची कार्यपद्धती ठरवून दिली. गंभीर कारवाईआधी साधारणपणे किमान तीस दिवसांची लेखी सूचना द्यायची. उत्तरासाठी किमान सात दिवस द्यायचे. कर्मचाऱ्याला वकील देता येतो. निर्णय कारणांसह लेखी हवा. मग तीस दिवसांत मेरिट सिस्टिम्स प्रोटेक्शन बोर्डाकडे अपील करता येतं. तिथे आरोप सिद्ध करण्याचा भार सरकारवर असतो, म्हणजे माझ्यावर.

लोकांना वाटतं, सरकारी वकिलाचं काम या बोर्डापुढे सुरू होतं. माझा अनुभव उलटा आहे. खरं काम होतं ते त्याच्या कित्येक महिने आधी, बंद दाराआड. एखादा विभागप्रमुख तावातावाने येतो आणि म्हणतो, "हा माणूस मला सोमवारी ऑफिसात दिसता कामा नये." त्याला बसवायचं, पाणी द्यायचं आणि विचारायला लागायचं. नेमकं काय केलं त्याने? कोणत्या तारखेला? कोणी पाहिलं? हा नियम त्याला कधी लेखी कळवला होता का? गेल्या वर्षी दुसऱ्या कुणी हेच केलं, तेव्हा तुम्ही काय केलंत? रोज उशिरा येतो म्हणता, तर आजारपणाची सवलत त्याने मागितली होती का, आणि त्या अर्जाचं पुढे काय झालं?

मग कामगिरीचे अहवाल मागवायचे. आणि तिथे बहुतेक वेळा तोच घोटाळा सापडायचा. ज्याला आज निरुपयोगी म्हणतात, त्याला सलग चार-पाच वर्षं उत्तम शेरा दिलेला. "असं का लिहिलंत?" विचारलं तर उत्तर येई, "खरं लिहिलं असतं तर वाद झाला असता." या एका सवयीने सरकारचं जेवढं नुकसान केलं आहे, तेवढं कुठल्याही कामगार संघटनेने केलं नसेल, असं माझं मत आहे. तोंडावर खरं सांगायचं टाळायचं आणि पुढे एके दिवशी थेट बडतर्फीचा कागद हातात द्यायचा, हा भित्रेपणा आहे आणि अन्यायही. आपल्याकडे २००८ मध्ये देव दत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गोपनीय अहवालातला प्रत्येक शेरा, मग तो चांगला असो की वाईट, कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे. हा निकाल आज रात्री घरी जाऊन वाचा.

त्या विभागप्रमुखाला आणखी एक गोष्ट सांगावी लागते, आणि ती सांगताना मन घट्ट करावं लागतं. माझा पक्षकार तो नसतो. माझा पक्षकार असतं खातं. तो रोज भेटतो, जेवायला एकत्र बसतो, तेव्हा ही आपली वकील आहे असं त्याला वाटणं साहजिक आहे. पण त्याचा राग आणि खात्याचं हित यांत फरक पडला, की मला खात्याच्या बाजूने बोलावं लागतं. असं बोलल्यावर काही जणांनी माझ्याशी बोलणं सोडलं. त्याची खंत मी कधी बाळगली नाही.

आरोप सिद्ध झाला तरी शिक्षा कोणती, हा प्रश्न उरतोच. १९८१ च्या डग्लस विरुद्ध व्हेटरन्स अॅडमिनिस्ट्रेशन या निकालात बोर्डाने त्यासाठी बारा मुद्दे मांडले. गुन्हा किती गंभीर आहे? हेतुपुरस्सर केला की अनवधानाने? पद काय आहे, नोकरी किती वर्षांची, आधी शिक्षा झाली होती का? सुधारण्याची शक्यता किती? त्या काळात माणूस कसल्या ताणाखाली होता, त्याला कुणी डिवचलं होतं का? हलक्या शिक्षेने भागणार नाही का? हे बारा मुद्दे मी प्रत्येक निर्णय अधिकाऱ्याला एकेक करून मोठ्याने वाचायला लावायचे. वाचता वाचता कित्येकांचा निर्णय बदलायचा. दारूच्या आहारी गेलेल्या, पण वीस वर्षं चोख काम केलेल्या माणसाला 'शेवटच्या संधीचा करार' करून ठेवून घेतलं जायचं. उपचार घ्यायचे, अटी पाळायच्या, मोडल्या तर नोकरी गेली. असे करार कुठल्याही निकालपत्रात छापून येत नाहीत, पण या कामातलं सर्वांत मोठं समाधान मला त्यांनीच दिलं.

आता थोडं कठीण बोलते, कारण कार्यपद्धती नेटकी पाळूनही सरकार घोर अन्याय करू शकतं. फ्रँक कॅमेनी हे हार्वर्डचे खगोलशास्त्रातले डॉक्टरेट. दुसऱ्या महायुद्धात लढलेले सैनिक. १९५७ मध्ये ते अमेरिकन सैन्याच्या नकाशा विभागात लागले, आणि ते समलिंगी आहेत म्हणून त्याच वर्षी त्यांना काढण्यात आलं. १९५३ च्या राष्ट्राध्यक्षीय आदेशाने 'लैंगिक विकृती' हे नोकरीला अपात्र ठरवणारं कारण केलं होतं. त्यामुळे पत्रं गेली, मुदती दिल्या गेल्या, नियम पाळले गेले. कुठल्या तरी वकिलाने ते मसुदे तपासले असतील, सही केली असेल आणि संध्याकाळी घरी गेला असेल. १९६१ मध्ये कॅमेनींनी सर्वोच्च न्यायालयात स्वतःचा अर्ज स्वतः लिहिला. न्यायालयाने तो ऐकायला घेतला नाही.

हा पायंडा मोडायला सुरुवात झाली ती १९६९ मध्ये, नॉर्टन विरुद्ध मेसी या खटल्यात. नासाच्या एका कर्मचाऱ्याला याच कारणावरून काढलं होतं. वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने सरकारला विचारलं, या माणसाच्या खाजगी आयुष्याचा सेवेच्या कार्यक्षमतेशी संबंध दाखवा. सरकारला तो दाखवता आला नाही. १९७५ मध्ये बहुतेक नागरी नोकऱ्यांवरची ती बंदी उठली. २००९ मध्ये सरकारच्या मनुष्यबळ कार्यालयाचे संचालक जॉन बेरी यांनी कॅमेनींची अधिकृत माफी मागितली. कॅमेनी तेव्हा ऐंशीच्या पुढे होते. म्हणून मी म्हणते, १९१२ ची ती कसोटी नुसती उद्धृत करू नका, प्रत्येक फाइलवर ती लावून बघा. ती १९५७ सालीही कायद्यात होतीच.

न्यायालयातल्या हारजितीबद्दलही दोन शब्द. रॉबर्ट मॅक्लीन हे विमानातले सुरक्षा अधिकारी होते. २००३ मध्ये हॉटेलचा खर्च वाचवण्यासाठी लांबच्या विमानफेऱ्यांवरची सुरक्षा काढण्याचा आदेश निघाला, आणि त्यांनी तो एका पत्रकाराला सांगितला. त्यांना पुढे बडतर्फ केलं गेलं. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. संसदेने केलेला कायदा आणि खात्याने स्वतः केलेला नियम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि धोका उघड करणाऱ्याचं तोंड खातं आपल्या नियमाने बंद करू शकत नाही, असा त्याचा अर्थ. सरकार हरलं आणि विमानप्रवासी जिंकले, असं मी तेव्हाही म्हटलं होतं, आजही म्हणते.

भारतीय कायद्याशी याचं नातं किती जवळचं आहे, ते पाहा. आपल्या संविधानाचा अनुच्छेद ३११ काही अपवाद वगळता चौकशीशिवाय बडतर्फीला मनाई करतो. चौकशी अधिकाऱ्याचा अहवाल कर्मचाऱ्याला दिलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये करुणाकर खटल्यात सांगितलं. तिकडे १९९९ च्या स्टोन खटल्यात फेडरल सर्किट न्यायालयाने सांगितलं की निर्णय अधिकाऱ्याकडे कर्मचाऱ्याच्या पाठीमागे नवी, महत्त्वाची माहिती पोहोचवली, तर कारवाई टिकणार नाही. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या नाडकर्णी प्रकरणात १९८२ मध्ये ठरलं की खात्याकडून कायदा शिकलेली माणसं बाजू मांडत असतील, तर कर्मचाऱ्याला वकील नाकारणं अन्यायाचं आहे. आणि १९९९ च्या पॉल अँथनी निकालात, कोलारच्या सोन्याच्या खाणीतल्या निलंबित अधिकाऱ्याला निर्वाह भत्ताच दिला नव्हता, पैशांअभावी तो चौकशीला येऊ शकला नाही, म्हणून ती एकतर्फी चौकशी रद्द झाली.

शेवटचं प्रकरण मला फार जवळचं वाटतं. निर्वाह भत्त्याच्या या भागात कायद्याचा गहन मुद्दा नाही. एका माणसाकडे प्रवासाचे पैसे नव्हते, आणि फायलीवर सह्या करणाऱ्या कुणालाही ते विचारावंसं वाटलं नाही.

अशी बेफिकिरी अलीकडेही दिसली. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेत परिवीक्षेवरच्या हजारो कर्मचाऱ्यांना एका साच्यातली पत्रं गेली. कामगिरी असमाधानकारक, असं त्यांत लिहिलं होतं, आणि त्यांतल्या अनेकांचे अहवाल चांगले होते. प्रकरणं न्यायालयात गेली, उलटसुलट आदेश झाले. राजकारण बाजूला ठेवून एवढंच सांगते: ज्या कारणाची कुणी शहानिशा केलेली नाही ते कारण पत्रात लिहिणं हे खोटं लिहिणं आहे, आणि असं पत्र तपासायला आलं तर सरकारी वकिलाने ते सही न करता परत पाठवलं पाहिजे.

खाजगी वकिलीत पैसा जास्त आहे, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. कर्मचाऱ्यांच्या बाजूने लढणारे वकीलही हवेत, आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण ते येतात तेव्हा कारवाईचा कागद निघालेला असतो. तो निघण्याआधी त्या बंद खोलीत एकच वकील हजर असतो, शासनाचा. म्हणून तुमच्यातल्या हुशार मुलामुलींनी हे काम घ्यावं, अशी माझी विनंती आहे. शासनाच्या पॅनेलसाठी अर्ज करा, विधी अधिकाऱ्यांच्या परीक्षा द्या. आणि निलंबनाची पहिली फाइल हातात आली की त्या माणसाचा निर्वाह भत्ता सुरू आहे का, हे त्याच दिवशी फोन करून विचारा.