निशिजिनचा माग



संयोजकांनी मला संगणकावर बोलायला सांगितलंय. मी बोलणार आहे मागावर. पण विषय फारसा बदललेला नाही.

कामानिमित्त जपानला गेले, तेव्हा क्योतोमधला निशिजिन भाग पाहिला. निशिजिन म्हणजे पश्चिमेची छावणी. १४६७ ते १४७७ या काळातल्या ओनिन युद्धात शहर होरपळलं, विणकर पांगले. युद्धानंतर ते परतले आणि पश्चिमेकडच्या सैन्याचा तळ होता तिथेच त्यांनी माग मांडले.

किमोनोवर बांधायचा रेशमी पट्टा, म्हणजे ओबी, ही इथली खासियत. आधी चौकटींच्या कागदावर नक्षी उतरवायची, मग विणायची. १८७२ मध्ये क्योतोने तिघांना फ्रान्समधल्या लियोंला पाठवलं आणि तिथून जकार्ड माग आणवले. त्यांच्यातले योशिदा चुशिची परतताना जहाज बुडून गेले. जकार्डची नक्षी पुठ्ठ्यांवरच्या छिद्रांत असते. छिद्र आहे किंवा नाही. आम्ही ज्या शून्य-एकावर पोट भरतो, त्याची ही आजी!

पण सगळंच पुठ्ठ्यावर मावत नाही. सोन्याचा वर्ख कागदावर चिकटवून त्याच्या बारीक पट्ट्या कापतात. विणताना एकेक पट्टी हाताने ओढून घ्यावी लागते. एक जरी उलटी गेली तरी नक्षी बिघडते. ‘त्सुझुरे’ प्रकारात, आपल्या पैठणीसारखा, प्रत्येक रंगाचा धागा आपल्या जागेपुरताच फिरतो. तो ठोकून बसवायला विणकर नखांना करवतीसारखे दाते पाडतात.

आता किमोनो रोज कोण नेसतं? म्हणून हेच जाड, घट्ट कापड हँडबॅगांसाठीही वापरलं जातं. कुणाला हा कलेचा अपमान वाटेल. मला वाटत नाही. रंगारी, वर्ख कापणारा, माग दुरुस्त करणारा, प्रत्येकाचं काम वेगळं. बॅग विकली तर या सगळ्यांच्या हाताला काम मिळतं. यातला एक जरी वारस न ठेवता थांबला, तर पुढच्यांचे हात रिकामे. जुनी प्रणाली समजणारा एकमेव माणूस निवृत्त झाला की आमच्या क्षेत्रातही असंच होतं. प्रोग्राम शाबूत असतो, पण तो तसा का लिहिला हे सांगणारं कुणी उरत नाही.

एक सुचवते. माजी विद्यार्थी निधीतून शाळेच्या मुलांची एक सहल येवल्याला, पैठणीच्या मागांपाशी नेऊ या. संगणक त्यांना घरोघरी भेटतोच; माग मुद्दाम दाखवावा लागेल.