विमानाचे वय

२०२३ च्या जानेवारीत गोव्याच्या पेडणे महालातील मोपाच्या जांभ्या पठारावर प्रवासी विमाने उतरू लागली, आणि डोक्यावरून जाणारे विमान कुठले असेल याची चर्चा पारापारावर रंगू लागली. त्याचे वय मात्र कोणी पुसत नाही, आणि पुसले तरी उत्तर वर्षांत देऊन भागत नाही. उंचावर आतील हवेच्या दाबाने विमानाचे धड किंचित फुगते, उतरताना पूर्ववत होते, आणि या नित्याच्या ताणाने रिव्हेटांच्या छिद्रांपाशी धातू थकत जातो. हवाई बेटांतील अलोहा कंपनीचे बोइंग ७३७ अवघे एकोणीस वर्षांचे होते. परंतु आखूड फेऱ्यांत त्याची ८९,६८० उड्डाणे भरली होती आणि खाऱ्या हवेने सांधे पोखरले होते. २८ एप्रिल १९८८ रोजी त्याचे छत आकाशातच उखडले. चढताना एका प्रवाशाने दाराजवळची चीर पाहिली होती, पण तो कोणाला बोलला नाही!

तशीच खारी हवा आमच्या दाबोळीची. तेथील आय. एन. एस. हंसा या नौदलाच्या तळावर १९७७ साली दाखल झालेली इल्युशिन-३८ विमाने, समुद्रावर खालून गस्त घालीत, ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी सेवानिवृत्त झाली. इतकी मुदत केवळ दफ्तरी हुकुमाने मिळत नाही. संशयित जागी तांबडा द्रव लावतात, पुसून काढतात, वर पांढरी भुकटी फवारतात; केसाएवढी चीर असली तर तिच्यात मुरलेला रंग भुकटीवर उमटतो. जोडपत्र्यांवर नाणे वाजवून, फणस थापटून पाहणाऱ्या गृहिणीसारखा, बद्द आवाज हेरतात. पोटातल्या दोषासाठी ध्वनिलहरी आणि क्ष-किरण आहेतच. चीर पडल्यास ती किती उड्डाणांत घातक होईल याचे गणित करून, ती दिसू लागल्यापासून त्या घटकेपर्यंत निदान दोन तपासण्या बसतील अशी मुदत ठरवितात. एकीत नजर चुकली तरी दुसरी उरावी. मनुष्याच्या डोळ्यावर इतका अविश्वास मला तरी शहाणपणाचा वाटतो.

आता हंसावर पी-८आय विमाने आहेत. कुळ त्याच बोइंग ७३७ चे, आणि हवाही तीच खारी. समुद्रालगत खालून उडालेले विमान परतल्यावर गोड्या पाण्याने धुण्याचा रिवाज याचसाठी आहे.