नवं विद्यापीठ म्हणजे धोका का?

(बारावीनंतरच्या प्रवेशांविषयी वसईत झालेल्या विद्यार्थी-पालक बैठकीतील भाषण)



मघाशी एका मुलाने विचारलं, "भाई, डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ कसं आहे? लोक काय म्हणतात?" त्यातला 'लोक काय म्हणतात' हा भाग आधी घेतो, कारण आपल्याकडे प्रवेश त्यावरच ठरतात.

नव्या विद्यापीठांत शिकणाऱ्या आपल्या भागातल्या मुलांशी मी बोलतो. एक म्हणतो, शिक्षक नावाने ओळखतात. दुसरी म्हणते, शिक्षण ठीक आहे, पण लग्नकार्यात कुणी कॉलेज विचारलं की समजावून सांगताना दम लागतो. पहिल्या वर्षाचा मुलगा कॅन्टीनवर बोलतो, शेवटच्या वर्षाचा नोकरीवर, आणि केटी लागलेला पेपर तपासणाऱ्यावर. कुणीच खोटं बोलत नाही. पण एका विभागातल्या एका मुलाचं मत म्हणजे अख्खं विद्यापीठ नव्हे.

आता होमी भाभा विद्यापीठ. ते 2019 मध्ये झालं, पण रिकाम्या जमिनीवर नाही. इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, एल्फिन्स्टन, सिडनहॅम आणि सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज ही सरकारी महाविद्यालयं एकत्र करून ते उभं राहिलं. सिडनहॅम 1913 चं आहे, इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स 1920 चं. बाबासाहेब आंबेडकर एल्फिन्स्टनमध्ये शिकले आणि सिडनहॅममध्ये शिकवायला होते. बद्रुद्दीन तय्यबजी एल्फिन्स्टनचे विद्यार्थी. पाटी नवी आहे, घर जुनं आहे. म्हणून 'नवं' म्हणताना काय नवं, ते विचारा. इमारत, शिक्षक, परीक्षा विभाग, की फक्त पदवीवरचं नाव?

ज्या मुंबई विद्यापीठाच्या नावाचा आपल्याला एवढा भरवसा, तेही एकदा नवं होतं. 1857 साली स्थापन झालं तेव्हा ते फक्त परीक्षा घ्यायचं, शिकवायची महाविद्यालयं, आणि एल्फिन्स्टन तर त्याच्याही आधीचं. 1862 मध्ये पहिले बी.ए. बाहेर पडले, त्यांत न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. तेव्हा विद्यापीठ पाच वर्षांचं होतं. त्याला वजन पुढे अशा माणसांनी दिलं.

जामिया मिल्लिया तर आणखी अवघड काळातलं. 1920 मध्ये असहकाराच्या दिवसांत अलीगढला सुरू झालं, 1925 मध्ये दिल्लीला गेलं. इंग्रज सरकार त्याची पदवी मानत नव्हतं. अभिमत दर्जा 1962 मध्ये मिळाला, केंद्रीय विद्यापीठ व्हायला 1988 उजाडलं. म्हणून तुम्हीही मान्यता नसलेल्या ठिकाणी जा, असं मी अजिबात म्हणत नाही. जामियाच्या त्या मुलांनी धोका समजून पत्करला होता. आपल्याकडचे अब्बा कर्ज काढून फी भरतात.

आणि जुनं नाव म्हणजे हमी, असंही नाही. 2017 मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकावर तपासायला घेतल्या आणि निकाल महिनोन्महिने रखडले. शेवटी कुलगुरूंना पद सोडावं लागलं.

आमच्या क्षेत्रातलं सांगतो. कॉलेजचं नाव पहिल्या चाळणीत उपयोगी पडतं, हे मी नाकारणार नाही. ज्याचा मामा किंवा चाचा कुठल्या कंपनीत नाही, त्याच्यासाठी ते नाव म्हणजेच ओळख असते, त्यामुळे आपल्या मुलांना त्याची गरज जास्त. पण चाळणीनंतर कोडिंगची परीक्षा असते, मग मुलाखत. मुलाखत घेताना मी प्रोजेक्ट उघडायला सांगतो आणि एका ओळीवर बोट ठेवून विचारतो, हे असं का लिहिलं? तिथे पदवीवरचं नाव मदतीला येत नाही.

मला खरी भीती वेगळ्याच ठिकाणाची वाटते. स्टेशनजवळच्या गाळ्यात 'स्टडी सेंटर'चा बोर्ड असतो आणि परराज्यातल्या खासगी विद्यापीठाची पदवी घरबसल्या मिळेल असं सांगतात. अशी फ्रँचायझी यूजीसीला मान्य नाही. यूजीसीची विद्यापीठांची यादी मोबाइलवर फुकट दिसते, बनावट विद्यापीठांचीही दिसते. इंजिनिअरिंग असेल तर एआयसीटीई, कायदा असेल तर बार कौन्सिल, हेही पाहा. शिष्यवृत्ती लागणार असेल तर तो कोर्स महाडीबीटीवर आहे का, ते फी भरण्याआधी बघा, नंतर नाही. नॅकची श्रेणी नाही म्हणून मात्र लगेच नाक मुरडू नका. दोन तुकड्या बाहेर पडल्याशिवाय किंवा सहा वर्षं झाल्याशिवाय नवी संस्था त्यासाठी पात्रच नसते.

सोपाऱ्यातल्या एका मुलीला चर्चगेटजवळ एका नव्या विद्यापीठात बी.एस्सी.ची जागा मिळत होती. फुफी म्हणाली, हे नाव कुणी ऐकलंय? अब्बांची काळजी गाडीची होती. विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर, आणि सकाळच्या गाडीला नालासोपाऱ्यात चढणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. ती अब्बांना घेऊन कामाच्या दिवशी तिथे गेली. प्रयोगशाळा चालू होती का, मागच्या सत्राचा निकाल किती दिवसांनी लागला, विषयाला कायम शिक्षक किती, हे तिने तिसऱ्या वर्षाच्या मुलींना विचारून वहीत लिहिलं. ऑफिसात नाही विचारलं, हे महत्त्वाचं. परतताना दोघं मुद्दाम गर्दीच्या वेळच्या गाडीने आले. तिने प्रवेश घेतला. फुफी अजून नाराज आहे.

ज्यांची यादी लागली आहे, त्यांनी मोबाइल काढा. यूजीसीचं पान आताच उघडू आणि तुमच्या यादीतलं एकेक नाव तपासू.