साचा सोडणारी प्रतिकृती

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)



चंडीगडच्या या इंडस्ट्रियल एरियात आपल्यापैकी अनेकांची हयात गेली. येथील लेथांवर असंख्य सुटे भाग उतरले. परंतु एखाद्या लेथने आपल्यासारखा दुसरा लेथ प्रसवल्याचे कोणी पाहिले नाही. गव्हाचा दाणा मात्र एका पेरणीत आपल्यासारखे अनेक दाणे देतो. हे सामर्थ्य निर्जीव रेणूंच्या अंगी येऊ शकेल काय, हा आमच्या विवेचनाचा विषय आहे.

१९८६ साली जर्मन रसायनज्ञ गुंटर फॉन कीड्रोव्स्की यांनी सहा घटकांची डीएनएची एक लहानशी साखळी घेतली. तीन-तीन घटकांचे दोन तुकडे तिच्यावर शेजारी बसले, एकमेकांस जोडले गेले आणि तशीच नवी साखळी तयार झाली. कोणत्याही एन्झाइमचे साहाय्य नव्हते. साखळी स्वतःच साचा झाली होती. परंतु नवी साखळी साच्याला चिकटून राही, साचा मोकळा होत नसे, आणि वाढ मंदावे. प्रतिकृती घडणे पुरेसे नाही. तिने साचा सोडलाही पाहिजे, हे त्यातून उमगले.

२०१० साली नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठात सायब्रेन ऑटो यांच्या गटाने वेगळी वाट दाखविली. त्यांचे कड्यांसारखे रेणू एकावर एक रचले जाऊन तंतू बनत आणि हे तंतू टोकांशी वाढत. द्रावण हलविले की तंतू तुटत. टोके अधिक झाली की नव्या कड्यांची निर्मितीही वेग घेई. घटकद्रव्य तेच, पण सहा घटकांचे कडे वरचढ ठरणार की सात घटकांचे, हे द्रावण हिसळले की ढवळले यावर अवलंबून असे.

पुण्याच्या आयसर संस्थेत डॉ. सुधा राजामणी यांचा गट या प्रश्नाच्या उगमाकडे वळला आहे. भिजणे आणि वाळणे यांच्या फेऱ्यांतून आद्य पृथ्वीवर साधे रेणू कसे जोडले गेले असतील, मेदरेणूंच्या आवरणांनी त्यांना कसे सामावले असेल, याचा तेथे अभ्यास चालतो. यांपैकी कशालाही अद्याप सजीव म्हणता येत नाही. प्रतिकृती, चयापचय आणि आवरण ही तिन्ही निर्जीव द्रव्यांतून घडून एकत्र नांदावीत, हे साधणे बाकी आहे.

आपणही महाराष्ट्रापासून तुटून येथे आलो. मुलांनी हुबेहूब आपल्यासारखी मराठी बोलावी, असा आपला आग्रह असतो. त्यांच्या बोलण्यात पंजाबी शब्द आला की आपण तेथेच थांबवितो, आणि मग मूल मराठी बोलणेच टाळू लागते. रेणूंचा नियम माणसांना तंतोतंत लागू पडतो, असे आम्ही म्हणणार नाही. तथापि एक तंतू तुटला की दोनाची चार टोके होतात, एवढे ध्यानी ठेवावे, आणि मुलांचे वाक्य पुरे होऊ द्यावे.