पदोन्नती : प्रतीक्षा आणि पात्रता

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित युवक मेळाव्यात केलेले भाषण)



आपला समाज प्रामुख्याने शेती आणि व्यापार यांवर उभा राहिला. दुकानाच्या गादीवर बसणाऱ्याला बढती कोण देणार, हा प्रश्न पूर्वी कधी उद्भवलाच नाही. वडिलांचे हात थकले की तिजोरीच्या किल्ल्या मुलाकडे येत. आता आपल्या घराघरांतून मुले-मुली बँकांत, सरकारी कचेऱ्यांत आणि कारखान्यांत नोकरीला लागली आहेत. तेथे किल्ल्या आपोआप हाती येत नाहीत. म्हणूनच संयोजकांनी 'नोकरीतील पदोन्नती' हा विषय मला दिला असावा. १९७४ साली कारकून म्हणून मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत रुजू झालो आणि २०१० साली अधिकारी म्हणून निवृत्त झालो. त्या अनुभवाच्या आधारे चार गोष्टी आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम एका चुकीची कबुली देतो. ती चूक माझी स्वतःची आहे.

एका तालुक्याच्या गावी मी शाखाधिकारी होतो. माझ्या हाताखाली एक कनिष्ठ अधिकारी होते. सोनेतारण असो, पीककर्ज असो, ३१ मार्चची शेषजुळणी असो, अडलेले काम त्यांच्याच टेबलावर जाई आणि तेथून पूर्ण होऊनच परत येई. त्यांच्या वार्षिक गोपनीय अहवालात मी दरवर्षी 'चांगला' असा शेरा लिहीत असे. माझ्या मते ती प्रशंसा होती. परंतु वरच्या श्रेणीसाठी विचार व्हायचा, तर त्याहून वरचा शेरा आवश्यक होता, हे मी कधी लक्षपूर्वक पाहिलेच नाही. ते गृहस्थ दोनदा मागे राहिले आणि त्यांच्याहून कनिष्ठ असलेले पुढे गेले. त्यांनी मला विचारले नाही आणि मीही त्यांना सांगितले नाही. माझ्या निरोपसमारंभाच्या दिवशी मात्र सर्वांचे चहापान झाल्यावर ते एवढेच म्हणाले, "साहेब, माझ्यात उणीव काय होती, तेवढे सांगून जा." मजजवळ उत्तर नव्हते, कारण उणीव नव्हतीच.

पुढे दि. १२ मे २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात महत्त्वाचा निर्णय दिला. सीमावर्ती रस्त्यांच्या विभागातील हे अभियंता. १९९३-९४ या एका वर्षी त्यांच्या अहवालात 'चांगला' असा शेरा होता. पदोन्नतीसाठी 'अति चांगला' हवा होता. तो शेरा त्यांना कधी कळविण्यातच आला नव्हता. अहवालातील प्रत्येक नोंद, मग ती प्रतिकूल असो वा अनुकूल, कर्मचाऱ्याला कळविली पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. पदोन्नतीच्या वेळी 'चांगला' हा शेराही प्रतिकूल ठरू शकतो, हेही स्पष्ट केले. पुढे केंद्र सरकारी सेवेत गोपनीय अहवालाची जागा कर्मचाऱ्याला दाखविल्या जाणाऱ्या कार्यमूल्यमापन अहवालाने घेतली. निर्णयाची बातमी वाचताना मला त्या सहकाऱ्यांचा चेहरा आठवला. त्या वर्षी पर्युषणानंतर मी त्यांच्या गावी जाऊन क्षमा मागितली. त्यांनी ती दिली. परंतु गेलेली वर्षे मी त्यांना देऊ शकलो नाही.

या प्रसंगातून पहिला बोध असा की, नुसते उत्तम काम पुरेसे नाही. आपल्या संस्थेचा पदोन्नतीचा नियम स्वतः वाचला पाहिजे. किती वर्षांची सेवा लागते, कोणता शेरा लागतो, लेखी परीक्षा आहे की मुलाखत, ज्येष्ठतेला किती महत्त्व आणि गुणवत्तेला किती, हे परिपत्रकात लिहिलेले असते. कायद्याने पदोन्नती हा आपला हक्क नाही. पात्र असल्यास आपला विचार व्हावा, हा मात्र हक्क आहे. तो हक्क जपायचा, तर आपला अहवाल दरवर्षी पाहावा, न पटल्यास विहित मुदतीत नम्रपणे लेखी निवेदन द्यावे, आणि वर्षभरात केलेल्या कामाची तारखांसह टिपणवही ठेवावी. स्वमूल्यमापनाचा रकाना पुष्कळ जण संकोचाने दोन ओळींत उरकतात. आत्मस्तुती नको, हे खरे. परंतु किती थकीत कर्जे वसूल केली, किती प्रकरणे निकाली काढली, हा आकडा लिहिणे म्हणजे आत्मस्तुती नव्हे, तो हिशेब होय. आणि हिशेब चोख ठेवणे आपल्याला कोणी शिकवायला नको.

दुसरी गोष्ट अभ्यासाची. बँकिंग परीक्षा घेणारी भारतीय संस्था १९२८ साली स्थापन झाली. तिच्या दोन परीक्षा आजही बँक कर्मचारी देतात. त्या उत्तीर्ण झाल्यास जादा वेतनवाढ मिळते. त्याहून महत्त्वाचे हे की, आपल्या टेबलापलीकडे बँक कशी चालते, हे त्यातून कळते. माझा पहिला टप्पा या परीक्षांमुळेच सुकर झाला. दिवसा रोखपालाचे काम आणि रात्री कंदिलाशेजारी अभ्यास, कारण भारनियमन तेव्हाही होते.

तिसरी गोष्ट बदलीची. आपल्या समाजात अनेकांनी बढती चालून आली असता ती नाकारली. आई-वडील वृद्ध आहेत, शेती आहे, मुलांची शाळा आहे. ही कारणे खोटी नव्हेत. मीही एकदा नकार दिला आहे आणि वडिलांच्या अखेरच्या दोन वर्षांत त्यांच्याजवळ राहता आले, याचे मला समाधान आहे. परंतु नकाराची किंमत माहीत असावी. केंद्र सरकारी सेवेत पदोन्नती नाकारल्यास साधारणतः एक वर्ष पुन्हा संधी मिळत नाही आणि दरम्यान पुढे गेलेल्या कनिष्ठांपेक्षा ज्येष्ठताही जाते. म्हणून होकार वा नकार घरात बसून, सर्वांशी बोलून ठरवावा. येथे एक विनंती. मुलाची बदली झाली की आपण गाडीभाडे विचारतो आणि सुनेची किंवा मुलीची झाली की 'नाही म्हण' असे सांगतो. दोघांना एकच तराजू लावावा.

चौथी गोष्ट वरच्या पदाच्या स्वरूपाची. २०१९ साली अमेरिकेतील विक्री कर्मचाऱ्यांवरील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जे सर्वाधिक विक्री करत, त्यांना व्यवस्थापक करण्याकडे कंपन्यांचा कल होता; परंतु व्यवस्थापक म्हणून त्यांची कामगिरी तुलनेने कमी पडे, असे त्यात आढळले. कारण स्वतः काम करणे वेगळे आणि इतरांकडून करवून घेणे वेगळे. म्हणून आपले काम हाताखालच्याला शिकवावे. "मी नसलो तर टेबल अडते," असे काहीजण अभिमानाने सांगतात. अशा माणसाला त्या टेबलावरून कोणी हलवत नाही, हे मी पदोन्नती समितीच्या कामात प्रत्यक्ष पाहिले आहे.

शिफारशीविषयी विचाराल, तर ती कधीकधी चालते, हे मी नाकारणार नाही. परंतु ज्याने ती केली, त्याच्या चुकीच्या कर्जप्रकरणावर सही करण्याची वेळ केव्हा तरी येते, आणि चौकशी सुरू झाली की पुढची पदोन्नती बंद पाकिटात अडकते.

शेवटी, आज या सभागृहात अधिकारपदावर असलेली पुष्कळ मंडळी आहेत. त्यांना हात जोडून सांगतो : मार्चअखेर अहवाल लिहाल, तेव्हा पाच मिनिटे अधिक द्या. ज्याच्याविषयी लिहायचे, त्याला समोर बसवा, उणीव असेल ती सांगा आणि नसेल तर तसे स्पष्ट लिहा. आपल्या एका शब्दावर कोणाच्या तरी घराची काही वर्षे अवलंबून असतात. मला हे उशिरा कळले. आपल्याला वेळेवर कळावे, म्हणून हे सारे सांगितले.