लोकल बंद नव्हती



ऑफिसात मी कोडमधला बग तासाभरात शोधते. पण मुलुंडच्या कथा-कार्यशाळेत आईवरची माझी कथा चारदा परत आली. ‘सत्यकथे’चे संपादक राम पटवर्धन लेखकांकडून पुन्हा पुन्हा लिहून घेत, हे तिथेच कळलं. म्हणजे मी एकटी नव्हते!

चौथ्या वेळी गटातल्या एका काकांनी विचारलं, “मुलगी हॉस्पिटलात उशिरा का पोचली?” मी लिहिलं होतं, लोकल बंद होती. खरं म्हणजे मी मीटिंग संपवून निघाले होते.

त्या रात्री ते एकच वाक्य बदललं. मग शेवटची दोन रडकी पानं आपोआप गळली.

दादाला अजून दाखवलेली नाही. बाई, आधी तुम्ही वाचाल का?