एक कोठार, अनेक कार्यशाळा

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते झाले. झोतभट्टीत लोखंडाबरोबर निघणारी धातुमळी सिमेंट करण्यास उपयोगी पडते. ह्याच पोलाद कारखान्याच्या शेजारी, जामुल येथे, १९६५ मध्ये ए. सी. सी. कंपनीचा सिमेंट कारखाना उभा राहिला.

सिमेंटच्या भट्टीत चुनखडी आणि माती ह्यांचे मिश्रण सुमारे १,४५० अंश सेल्सियस तापमानाला भाजून क्लिंकर तयार करतात. अशी भट्टी मनास येईल तेव्हा विझवता व पेटवता येत नाही. ती वारंवार निवली आणि तापली की आतील उष्णतारोधक विटांचे अस्तर खिळखिळे होते, इंधन वाया जाते आणि माल पूर्ववत दर्जाचा निघेपर्यंत बराच वेळ जातो. जामुलच्या कामगाराला हे समजावून सांगण्याची गरज नाही. संगणकाचे प्रोग्राम लिहिणारा मनुष्य मात्र आपली भट्टी दिवसातून दोन-दोन वेळा विझवीत असतो.

समजा, एखाद्या कारखान्याच्या हजेरी-पगाराच्या प्रोग्राममध्ये नवी रजा-पद्धती बसविण्याचे काम चालू आहे. वीस फायली उघडलेल्या आहेत. एकही बदल पुरा झालेला नाही. तोच निरोप येतो, की सध्या वापरात असलेल्या प्रोग्राममध्ये जादा कामाच्या तासांचा हिशेब चुकतो आहे आणि पगार उद्या वाटावयाचा आहे. चूक लहान आहे. परंतु ती दुरुस्त करावयाची तर टेबलावरचा पसारा आधी आवरला पाहिजे.

असा पसारा आवरण्याचे एक साधन ‘गिट’ हे होय. लिनस टॉरवाल्ड्स ह्यांनी एप्रिल २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी ते निर्माण केले. प्रोग्रामच्या प्रत्येक टप्प्याची नोंद गिट आपल्या कोठारात ठेवते आणि एकाच प्रोग्रामच्या निरनिराळ्या शाखा जोपासू देते. तथापि शाखा कितीही असल्या, तरी त्या उघडून काम करण्याची जागा मुळात एकच असे. अर्धवट काम ‘स्टॅश’ करून, म्हणजे बाजूला गुंडाळून, दुसरी शाखा उघडावयाची, हा एक मार्ग होता. गुंडाळलेली गाठोडी साचत जातात आणि कोणत्या गाठोड्यात काय होते, ह्याचा विसर पडतो. संपूर्ण कोठाराची दुसरी प्रत करणे, हा दुसरा मार्ग. त्यात दोन कोठारे होतात आणि एकातील नोंदी दुसऱ्यात नेत बसावे लागते.

जुलै २०१५ मध्ये आलेल्या गिटच्या २.५ ह्या आवृत्तीत ‘वर्कट्री’ ही आज्ञा समाविष्ट झाली. ‘गिट वर्कट्री ॲड’ असे म्हणून फोल्डरचे व शाखेचे नाव दिले, की ती शाखा त्या नव्या फोल्डरात मांडून मिळते. त्या फोल्डरात कोठाराची नक्कल नसते. मूळ कोठाराचा पत्ता सांगणारी एक लहानशी फाईल तेवढी असते. कोणती शाखा उघडी आहे आणि पुढील नोंदीसाठी काय निवडून ठेवले आहे, हे प्रत्येक कार्यशाळेचे स्वतंत्र राहते. नोंदींचा इतिहास मात्र सर्वांचा एकच. पगाराची चूक शेजारच्या फोल्डरात दुरुस्त होते. रजेच्या वीस फायली जागच्या हलत नाहीत. एकच शाखा दोन ठिकाणी उघडण्यास गिट सहसा नकार देते. तो नकार हितकारकच आहे, कारण एका हाताने पुढे नेलेली शाखा दुसऱ्या हाताला नकळत पालटणे धोक्याचे होय.

परंतु हे वेगळेपण फायलींपुरतेच आहे, हे विसरता कामा नये. दोन्ही कार्यशाळांतील प्रोग्राम एकाच डेटाबेसला जोडलेले असतील, तर रजेच्या चाचणीसाठी बदललेला तक्ता पगाराच्या दुरुस्तीतही बदललेलाच दिसेल. दोघे एकच पोर्ट मागू लागले, तर दुसरा सुरूच होणार नाही. गुप्त संकेतशब्दांची फाईल आणि बाहेरून आणलेली ग्रंथालये गिटच्या नोंदीत सहसा नसतात; म्हणून ती नव्या फोल्डरात आपोआप येत नाहीत. उलट स्टॅशची गाठोडी सर्व कार्यशाळांना सामाईक असतात. यास्तव प्रत्येक कार्यशाळेला वेगळा डेटाबेस आणि वेगळा पोर्ट नेमून देणारी एक लहान आज्ञावली आधीच लिहून ठेवणे श्रेयस्कर ठरते.

काम संपल्यावर ‘रिमूव्ह’ ही आज्ञा द्यावी. नोंद न केलेले बदल शिल्लक असतील, तर गिट फोल्डर काढण्यास नकार देते. फोल्डर हातानेच पुसून टाकला, तर त्याची खूण कोठारात मागे राहते. ती ‘प्रून’ ह्या आज्ञेने झाडून काढता येते.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेचे सहायक एकाच वेळी निरनिराळ्या कार्यशाळांत कामास लावले जातात. त्यामुळे काम एकत्र करण्याची जबाबदारी वाढली आहे. एका शाखेने जादा तासांचे परिमाण मिनिटांत बदलले आणि दुसरीने ते तासच धरून नवा हिशेब लिहिला, तर दोन्ही शाखा तंटा न होता एकत्र होऊ शकतात. पगार मात्र चुकतो. गिट ओळी जुळविते. अर्थ जुळविण्याचे काम माणसाचेच आहे. म्हणून शाखा एकत्र केल्यावर सर्व चाचण्या पुन्हा चालवाव्यात आणि निदान एका कामगाराचा पगार कागदावर मांडून ताडून पाहावा.